पिस्तूल शूटिंग शिकायचंय? आधी खर्चाचा हिशेब

राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून मुलांना रेंजवर घालण्याची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पिस्तूल केवढ्याला पडतं?’ माझा आग्रह आहे की हा प्रश्न तीन महिने बाजूला ठेवा.

सुरुवात 10 मीटर एअर पिस्तुलानेच करावी. 4.5 मिलिमीटरपर्यंतचं बोअर आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. क्लबचं पिस्तूल वापरून शिकायला मोठ्या शहरांत महिन्याला साधारण तीन ते आठ हजार रुपये पडतात. पैसे भरण्यापूर्वी त्यात छर्रे धरलेत का, आठवड्याला किती दिवस लेन मिळेल आणि प्रशिक्षक एका वेळी किती जणांना पाहतो, हे विचारून घ्या. तिसरं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. दहा-पंधरा मुलांमागे एकच प्रशिक्षक असेल तर फी कमी असूनही ती रेंज महागच पडते.

नेमबाजीत खिसा हळूहळू रिकामा करतात ते छर्रे. 500 छर्‍यांचा डबा दर्जानुसार साधारण सातशे ते दीड हजारांना मिळतो. आठवड्यातून तीन दिवस पन्नास-पन्नास शॉट मारणाऱ्याला महिन्याला एका डब्याहून थोडे जास्त लागतात. रोज साठ शॉट मारू लागलात की पंचवीस दिवसांत तीन डबे संपतात.

ड्राय फायरिंगला मात्र एक पैसाही लागत नाही, आणि खरा हात तिथेच बसतो. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, दुसरा हात खिशात, नजर पुढच्या साइटवर. ट्रिगर सुटताना ती साइट तसूभरही हलता कामा नये. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं असतं. साइट किंचित हलली तरी शॉट त्याच्या बाहेर जातो. बोट ट्रिगरपासून दूर, नळी कायम टार्गेटकडे आणि शॉट नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग: या तीन सवयी पहिल्याच दिवशी न लावणाऱ्या क्लबात मुलाला ठेवू नका.

रायफलसारखं जाडजूड जॅकेट आणि पँट पिस्तुलाला लागत नाही, ही मोठी बचत. घोटा न झाकणारे सपाट तळाचे बूट पुरेसे आहेत.

स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी एअर पिस्तूल साधारण दीड-दोन लाखांच्या घरात जातं. जुनं घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. उत्पादक त्याला साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात, मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून मागा. ग्रिपही हातात धरून पाहा, कारण ती डाव्या-उजव्या हातासाठी आणि मापानुसार वेगळी असते.

.22च्या पिस्तुलाची घाई नको. तिथे परवाना आला आणि काडतुसांचा खर्चही छर्‍यांच्या कितीतरी पट.

पहिल्या तीन महिन्यांसाठी फी आणि छर्रे मिळून पंधरा ते तीस हजार रुपये बाजूला काढा. तेवढ्यात मूल रमलं, प्रशिक्षकानेही होकार दिला, तरच पिस्तुलाच्या दुकानाची पायरी चढा.