कातडीवरचे चट्टे आणि काळीज

सोरायसिस हे नाव परकी आहे, पण रोग आपल्या गावांना नवा नाही. कोपर, गुडघा, डोके, कंबर अशा जागी लाल, जाडसर चट्टे उठतात. त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. खाजवले की कोंडा पडतो. लोक बघतात आणि म्हणतात, "महारोग झाला!" मग त्या माणसाची ताटवाटी वेगळी होते. पोरीचे जमलेले लग्न मोडते.

हा महारोग नव्हे. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. सोरायसिसच्या चट्ट्याला खाज सुटते, टोचलेले कळते. (महारोगालाही आता औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. शंका आली तर दडवू नका.) सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खुशाल एका ताटात जेवा.

मग तो होतो कशाने? आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारे शिपाई असतात. या रोगात शत्रू नसतानाच ते लढू लागतात. कातडीत दाह पेटतो. कातडीचा नवा थर वर यायला एरवी सुमारे महिना लागतो. इथे तो 3 ते 5 दिवसांतच वर ढकलला जातो, म्हणून पापुद्रे साचतात.

हा दाह कातडीपुरता राहत नाही. तो रक्तवाहिन्यांनाही बाधतो. त्यांच्या आत चरबीचा थर बसतो, वाट अरुंद होते. काळजाला रक्त नेणारी वाट तुंबली म्हणजे झटका येतो. 2006 साली ब्रिटनमधल्या सुमारे 1,30,000 सोरायसिस रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग जोराचा असेल, तर तिशीतल्या माणसाला झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला. तिशीत झटका मुळात क्वचित येतो, हे खरे. चट्टे थोडे असतील तर धोकाही थोडाच वाढतो.

औषधाने काळीज वाचते का? 2012 साली अमेरिकेतल्या नोंदींत असे दिसले, की दाह दाबणारी काही इंजेक्शने घेणाऱ्यांना झटके कमी आले. नुसते मलम लावणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे! पण एवढ्यावर भुलू नये. महागडे इंजेक्शन घेणारा माणूस इतर बाबतीतही जिवाला जपणारा असू शकतो. सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट नावाची स्वस्त गोळी देतात. ती सोरायसिस नसलेल्या हृदयरोग्यांना देऊन पाहिली. 2018 साली निकाल आला: झटके कमी झाले नाहीत.

तेव्हा आम्ही म्हणतो, चट्ट्यांवर औषध घ्याच, पण काळजाचा भार त्या औषधावर टाकू नका. विडी, तंबाखू सोडा. वजन आटोक्यात ठेवा. आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि तिथे "मला सोरायसिस आहे" हे आपण होऊन सांगा. विचारल्याशिवाय कोण सांगतो, आम्हाला ठाऊक आहे!

मेथोट्रेक्सेटची एक गोष्ट नीट वाचा, दोनदा वाचा. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. बाजाराचा वार ठरवून टाका, म्हणजे चुकणार नाही. तिच्याबरोबर दारू नको. मूल हवे असेल, तर बाई असो की बाप्या, आधी डॉक्टरांना सांगावे.