क्रूझचं बुकिंग करण्याआधी आजीची फाइल काढा

सुट्ट्या जवळ आल्या की हल्ली दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर येतो. "डॉक्टर, यंदा सगळे मिळून क्रूझला जायचं ठरवलंय. आईला नेलं तर चालेल ना?" मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला, आई-वडील इथे रोह्यात. वर्षातले तीन-चार दिवस सगळ्यांनी एकत्र काढावेत आणि त्या दिवसांत घरातल्या बाईला ओट्यापाशी उभं राहावं लागू नये, ही इच्छा मला मनापासून पटते. अडचण एवढीच की मला विचारेपर्यंत पैसे भरून झालेले असतात. जहाज निवडताना पाहिलेली असते ती मुलांची घसरगुंडी, जेवणाची रेलचेल आणि ऑफर. माझा सल्ला वेगळा आहे. घरात ज्याची तब्येत सर्वांत नाजूक, त्याला झेपेल असं जहाज, असा मार्ग आणि असा महिना निवडा. नातवंडांची मजा कुठल्याही जहाजावर होते.

आपल्याला पर्याय तसे मोजकेच आहेत. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. कोरोनाच्या काळात दोन्ही थांबल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागली. हे जहाज १९९० साली बांधलेलं, सुमारे २१० मीटर लांब आणि अकरा डेकचं आहे. परदेशी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांसाठी आपली मंडळी बहुधा सिंगापूरला जातात. मोठ्या आणि नव्या जहाजाचे फायदे आहेतच: डोलणं कमी जाणवतं, लिफ्ट जास्त असतात, व्हीलचेअर आत जाईल अशा केबिन असतात. पण त्यासाठी आधी कित्येक तासांचा विमानप्रवास आणि विमानतळावरची पायपीट आली. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाची पहिलीच समुद्रसफर असेल, तर मी मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची गोव्याची फेरीच सुचवतो. पाच रात्री नकोत आणि परदेशही नको. पुढच्या वर्षी बघता येईल.

लक्षद्वीपचा मोह अनेकांना होतो. ते निळं पाणी सुंदर आहे यात वादच नाही. पण तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रातच थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरावं लागतं. लाटेवर ती बोट वर-खाली होत असताना पाय टाकायचा क्षण नेमका साधावा लागतो. गुडघ्याची वाटी झिजलेल्या, तोल सांभाळताना चाचपडणाऱ्या माणसाला हे जमत नाही; मग आजी-आजोबा जहाजावर आणि बाकीचे बेटावर, अशी फाळणी होते. शिवाय बेटांवरच्या गंभीर रुग्णाला विमानाने किंवा हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि जिन्यावरून चालत उतरता येतं. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा: प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार की लहान बोटीने जावं लागणार?

आता बोट लागण्याबद्दल. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जहाजाचं हलणं कळतं, पण केबिनमध्ये बसल्यावर डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूकडे दोन परस्परविरोधी निरोप जातात आणि मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांची मुलं, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना हे जास्त होतं. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हलणं सर्वांत कमी असतं आणि बहुधा भाडंही कमी असतं. वरच्या मजल्यावरची टोकाची बाल्कनी फोटोला छान, पोटाला वाईट. महिना डिसेंबर-जानेवारीचा धरा. अरबी समुद्र तेव्हा बऱ्यापैकी शांत असतो.

रोहा, पेण, अलिबागच्या लोकांना तर चाचणी घेण्याची सोय दाराशीच आहे. २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो बोट चालते. तासाभराचा प्रवास. क्रूझचे पैसे भरण्याआधी एका रविवारी सगळं कुटुंब घेऊन त्या बोटीने जाऊन या. बंदराच्या आतलं पाणी आणि खुला समुद्र यात फरक आहे, हे खरं. पण एवढ्या तासाभरात ज्याला उलटी होते, त्याला पुढे काय होणार याचा अंदाज येतो. आजोबांना लोखंडी जिना चढवतो का, आजी गर्दीत घाबरते का, हेही तिथेच कळतं.

बोट लागू नये म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. अ‍ॅव्होमिन, स्टुजेरॉन ही नावं सर्वांच्या तोंडी आहेत आणि तरुण माणसाला त्या बहुधा बाधत नाहीत. मात्र अ‍ॅव्होमिनमधल्या प्रोमेथाझिनमुळे प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो. स्टुजेरॉनमधलं सिनॅरिझिन कंपवाताच्या रुग्णाला देऊच नये. दोन्हींमुळे गुंगी येते. रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस हलत्या जहाजात बाथरूमच्या उंच उंबऱ्याला अडखळून पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कदापि देऊ नये. ज्यांना गोळी चालते त्यांनी ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर नाही. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक बहुतेकांना चालतो. मधुमेह असेल तर नुसतं आलं. उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं तरी पुष्कळ आराम पडतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मधुमेहाच्या रुग्णांची, आणि ती बुफेतल्या गुलाबजामामुळे नव्हे. सकाळी आजीने नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचलं. थोडा उपमा खाल्ला. अर्ध्या तासाने जहाज हलू लागलं आणि तो उपमा बाहेर पडला. अन्न पोटात नाही, औषध मात्र रक्तात काम करतंय. दहा-अकराच्या सुमारास आजी घामाघूम होते, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, बोट लागलीय, झोपू दे. ती झोप नसते. साखर उतरलेली असते आणि तो अर्धा तास जिवावर बेतू शकतो. म्हणून ग्लुकोमीटर केबिनमध्ये हवाच. शंका आली की आधी बोटाला सुई टोचून साखर बघा. सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, जहाजावरच्या डॉक्टरला बोलवा.

उलट्या-जुलाबांत काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीर कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. 'आजारी पडलो तर कुठली गोळी थांबवायची आणि कुठली नाही' हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या. तो कागद सुनेच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्येही असू द्या.

जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, हे कंपनी सांगतेच. तुम्ही पुढचं विचारा. कार्डिओग्राम निघतो का? ऑक्सिजन किती वेळ पुरेल? हृदयाला शॉक देण्याचं यंत्र आहे का? नर्स किती? तपासणीचे पैसे कोण भरणार? ते बहुधा वेगळे लागतात. आणि एवढं सगळं असलं तरी जहाजावर अँजिओप्लास्टी होत नाही, रक्तपेढी नसते, डायलिसिसची सोय सहसा नसते. त्यामुळे ज्यांना गेल्या दोन-तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला आहे, चार पावलं चाललं तरी छाती भरते, घरी ऑक्सिजन लागतो, त्यांनी या वर्षी जाऊ नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नेण्याचा आग्रह तर कृपा करून धरू नका. एकसारखे लांबच लांब बोळ, एकसारखी दारं. संध्याकाळ झाली की असा माणूस भेदरतो आणि केबिन शोधत भटकतो. समुद्रात भटकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. प्रवास विमा काढताना जुने आजार लिहा. लपवलेत तर ऐनवेळी दावा नाकारला जातो.

पोटाच्या साथी हा क्रूझचा जुना आजार. नोरोव्हायरसची लागण झाल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. सॅनिटायझर या विषाणूपुढे कमी पडतो. साबण आणि वाहतं पाणी हाच उपाय. बुफेचा चमचा शेकडो हातांतून जातो, म्हणून वाढून घेतल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी हात धुवा. परदेशी जहाज निवडत असाल तर अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, तिथल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वच्छता तपासून शंभरपैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. तुमचं जहाज त्या यादीत असेल तर जरूर पाहा. श्वसनाच्या साथीही बंद जागेत पसरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर सातशेहून अधिक जणांना कोरोना झाला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर पहिल्या तपासणीतच ६६ जण बाधित निघाले. आजी-आजोबांनी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी फ्लूची लस घ्यावी.

लहानांचं थोडक्यात. सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रीला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. नियम लेखी मागून घ्या. जहाजावरच्या तलावापाशी जीवरक्षक असेलच असं नाही. एका वेळी एका मोठ्या माणसाने फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं, मोबाइल बाजूला ठेवून.

आणि भीतीबद्दल. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात आजही ज्यांच्या घरात त्या दिवसाची आठवण निघते अशी कुटुंबं आहेत. आजी "मला बोट नको" म्हणत असेल तर तिला हसू नका, समजूत घाला. ती बोट ऐन पावसाळ्यात, खच्चून भरून निघाली होती. आता प्रवासी जहाजाने निघण्यापूर्वी किंवा निघताच लगेच प्रवाशांकडून संकटकाळची कवायत करून घ्यावीच लागते. जीवरक्षक जाकीट कुठे आहे, कसं बांधायचं, कुठे जमायचं, हे आजीला शेजारी उभं करून दाखवा. तेवढ्याने पुष्कळांची धडधड थांबते. तरीही नको म्हणाली, तर तिचं ऐका. रक्तदाब वाढवून घेतलेली सहल कोणालाच सुखाची होत नाही.

निघण्याच्या दिवशी वडखळ-पेणच्या वाहतुकीचा भरवसा धरू नका. अटल सेतूमुळे पुढचा रस्ता सुकर झाला असला तरी धक्क्यावर रांगा असतात, त्या उन्हात वृद्धांना उभं करू नका. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. मोठ्या बॅगा चढण्यापूर्वी ताब्यात घेतात आणि केबिनमध्ये यायला कित्येकदा संध्याकाळ होते. म्हणून सगळी औषधं, दोन दिवसांची जादा धरून, हातातल्या पिशवीतच ठेवा. सोबत जुना कार्डिओग्राम, औषधांची चिठ्ठी, ओआरएस आणि ग्लुकोज. इन्सुलिन थंड पिशवीत, पण बर्फाला टेकू न देता.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी, आणि निघण्याच्या किमान महिनाभर आधी, आई-वडिलांची फाइल घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. रोहा असो की पेण, ज्यांना त्यांची प्रकृती वर्षानुवर्षं माहीत आहे त्यांनाच विचारा. त्यांनी "यंदा नको" म्हटलं तर तेवढेच दिवस सगळे मिळून किनाऱ्यावर, आपल्याच रेवदंडा-काशीदला काढा.