प्रकाशाचे पाट

यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ पूस नदीवर धरण आहे. रब्बीच्या हंगामात कालव्याला पाणी सुटले, की शेतकरी फावडे घेऊन ओलितासाठी उभा राहतो. एक सरी भरली, की तो मातीने तिचे तोंड बंद करतो व दुसरीचे उघडतो. पाणी हवे तेथे, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच पोहोचावे, यातच त्याचे कौशल्य असते.

असेच कौशल्य आज शास्त्रज्ञ प्रकाशाच्या बाबतीत मिळवीत आहेत. दूरध्वनीवरील बोलणे, चित्रे, मजकूर हे सारे काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने प्रवास करते. हा प्रकाश वाटून द्यावा लागतो, वळवावा लागतो. हे काम विजेच्या तारांवर सोपविले, तर तारा तापतात व पुष्कळ वीज खर्च होते. म्हणून नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठीच पाट कोरण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट मिलर यांनी 1969 साली ती मांडली.

प्रकाश पाटात राहतो कसा? 1841 साली जिनिव्हा येथे कोलाडन यांनी पाण्याच्या वाकड्या धारेत प्रकाश सोडला, तेव्हा तो धारेबरोबरच वळत गेला. प्रकाशदृष्ट्या दाट पदार्थातून विरळ पदार्थाकडे पुरेसा तिरकस जाणारा प्रकाश सीमेवरूनच मागे फिरतो. चिपवर सिलिकॉन हा दाट पदार्थ असून त्याभोवती काचेसारख्या विरळ पदार्थाचे काठ असतात. या पाटाची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढीच असते. त्यातून वाहणारा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

आता प्रश्न दाराचा. प्रकाशापुढे भिंत घातली, तर तो शोषला जाऊन वाया जातो. म्हणून निराळी युक्ती योजतात. पाटाचे दोन फाटे करून ते पुढे पुन्हा एकत्र आणतात. एका फाट्याला किंचित ऊब दिली, की तेथील सिलिकॉनमध्ये प्रकाशाची गती थोडी मंदावते व त्याची लाट मागे पडते. मग एका मुखाशी एकीची शिखरे व दुसरीचे खळगे एकत्र येतात. तेथे प्रकाश उरत नाही, तो दुसऱ्या मुखाने बाहेर पडतो. ऊब काढून घेतली, की तो पहिल्या मुखाकडे परततो. दार न लावताच वाट बदलते.

दुसरी युक्ती कड्याची. 2005 साली कॉर्नेल विद्यापीठात मिखाल लिप्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ 12 मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकॉनचे कडे वापरून विजेच्या साहाय्याने प्रकाशावर नियंत्रण मिळविले. कड्याच्या परिघात ज्या प्रकाशाच्या लाटा पूर्ण संख्येने बसतात, तोच कड्यात शिरतो. बाकीचा सरळ पुढे जातो.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. मातीच्या पाटातून पाणी झिरपावे, तसा खडबडीत काठांतून प्रकाश निसटतो. एका पाटाची ऊब शेजारच्या पाटाला लागली, की तेथील लाटांचा मेळ बिघडतो. या प्रश्नांवर जगभर संशोधन चालू आहे. आपल्या देशात मद्रासच्या आयआयटीत व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा चिपांवर काम होते.

शेतकरी पाण्याला चढावर नेण्याचा हट्ट धरीत नाही. उतार ओळखून तो पाट काढतो. शास्त्रज्ञही प्रकाशाशी झुंजत नाही. त्याचा स्वभाव जाणून त्याला वाट देतो. निसर्गाचे नियम जो जाणतो, त्यालाच निसर्गाचे साहाय्य लाभते.