वर्गाध्यापनास संभाषेची जोड

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ८ व्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे ३ उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. महाविद्यालयीन वेळापत्रकात पहिल्या दोहोंची सोय असते. संभाषेस मात्र क्वचितच अवसर मिळतो. व्याख्यान संपते, शंका तशीच राहते. ही उणीव विभागात ठेवलेली एक सामाईक नोंदवही बऱ्याच अंशी भरून काढू शकते.

उदाहरणार्थ, द्रव्यगुणातील ‘अशोक’ घेऊ. रस कषाय-तिक्त, वीर्य शीत, प्रदरात उपयोग, कल्प अशोकारिष्ट, हे सर्व वर्गात शिकविले जाते. परंतु रस्त्याकडेला सरळ उंच वाढलेल्या शोभेच्या वृक्षासही लोक अशोकच म्हणतात. तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. शास्त्रोक्त सीता-अशोक म्हणजे सराका असोका. पहिल्याचे पान साधे, कडा नागमोडी, फुले हिरवट. दुसऱ्याचे पान संयुक्त, फुले नारिंगी-तांबडी आणि फळ शेंगेच्या स्वरूपाचे. वृक्षासमोर हा भेद सहज कळतो; पण फार्मसीत येते ती केवळ साल, आणि एकीच्या जागी दुसरी मिसळण्याचा प्रकार सुपरिचित आहे.

नोंदवहीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. व्याख्यानानंतर आठवड्याच्या आत विद्यार्थ्याने द्रव्य प्रत्यक्ष पाहून स्थळ, दिनांक व लक्षणे लिहावीत. वाळविलेले पान चिकटवावे.

२. सहाध्यायांनी त्याखाली सकारण अनुमोदन अथवा आक्षेप नोंदवावा. संधायसंभाषेची मर्यादा पाळावी; जिंकण्याचा हेतू नसावा.

३. अध्यापकांनी तत्काळ उत्तर न देता आठवड्याअखेरीस संहितेच्या आधारासह निर्णय लिहावा व पुढील तासाच्या प्रारंभी तो वाचून दाखवावा.

तिसरी पायरी वगळल्यास नोंदवही कपाटात पडून राहते. आपले लिखाण वर्गात वाचले जाते, हे दिसल्यावरच विद्यार्थी काळजीपूर्वक लिहितो.

या कार्यात व्यावसायिक वैद्य व फार्मसीचालक यांचेही साह्य हवे. खरेदी केलेल्या सालीचा थोडा नमुना, खरेदीचा दिनांक व पुरवठादाराने सांगितलेले नाव लिहून विभागाकडे द्यावा. सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षणाचा निष्कर्ष त्याच वहीत नोंदवावा आणि तो फार्मसीसही कळवावा.

आजचा विद्यार्थी उद्या आपल्याच फार्मसीत कच्च्या मालाची गोणी उघडणार आहे. ती स्वीकारावी की परत पाठवावी, हे ठरविण्याची दृष्टी त्याला विद्यार्थिदशेतच लाभली पाहिजे. कारण तेथे झालेल्या चुकीचा परिणाम अखेर रुग्णेलाच भोगावा लागतो.