शालेय बाग : लागवडीपासून सुट्टीपर्यंत

शाळेच्या आवारात बाग लावणे कठीण नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती जगविणे कठीण आहे. जुलैमध्ये उत्साहाने लावलेली रोपे मे महिन्यात वाळतात आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लावली जातात. अशाने विद्यार्थी लागवड शिकतात, संगोपन मात्र शिकत नाहीत.

श्रमातून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची मांडणी पुढे आली. तीत उत्पादक हस्तोद्योगास शिक्षणाचे केंद्र मानले होते. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र सूचनेची बाग होते ती स्थानिक माती व पाणी ओळखल्यानेच.

पाण्याचा पाठ

बुऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्यांना हा पाठ घराजवळच उपलब्ध आहे. १६१५ च्या सुमारास येथे कुंडी भंडाऱ्याची रचना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणले गेले. बाग आखण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवाराचा उतार असाच पाहावा. मध्यान्ह भोजनाच्या वेळी साठ मुलांनी हात धुण्यास प्रत्येकी अर्धा लिटर पाणी वापरले, तरी रोज तीस लिटर पाणी मिळते. ते खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून फळझाडांस द्यावे. साबणाचे व खरकटे पाणी पालेभाज्यांच्या वाफ्यांत सोडू नये.

माती व पिके

तापीकाठच्या काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव पावसाळ्यात गादीवाफे करावेत. पावसाळ्यात भेंडी, गवार व दोडका, तर हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा व गाजर घ्यावे. कुंपणालगत शेवगा, कढीपत्ता व लिंबू लावावे. या भागात केळीची खोडे मुबलक मिळतात. त्यांचे तुकडे शेण व पालापाचोळ्यासह खड्ड्यात कुजविल्यास उत्तम खत होते. मुले ही भाजी खाणार असल्याने विषारी औषधे फवारू नयेत.

शेजारधर्म

शाळेलगत केळीचे शेत असल्यास विशेष दक्षता घ्यावी. कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने केळीचे मोठे नुकसान होते. हा विषाणू काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची अशा पिकांवर व काही तणांवरही राहतो आणि मावा त्याचा प्रसार करतो. म्हणून अशा शाळेने काकडी, दोडका, कारली, भोपळा, टोमॅटो व मिरची टाळावी आणि तण वेळीच काढावे. शाळेचा एक वेल शेजाऱ्याच्या पिकास बाधक ठरू शकतो, हे समजणे हेही शिक्षणच होय.

वर्गाशी सांगड

पेरणीपूर्वी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. त्यांपैकी सत्तर उगवल्या, तर उगवणक्षमता सत्तर टक्के. शेकडेवारीचा हा पाठ विसरला जात नाही. वाफ्याची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. पाऊस, उगवण, कीड व तोडणी यांची नोंदवही मुलांनीच ठेवावी.

सुट्टीची तरतूद

एप्रिल संपण्यापूर्वी हंगामी वाफे मोकळे करावेत आणि जगवायची मोजकी झाडे निश्चित करावीत. प्रत्येक झाडाजवळ सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून झाकावे. ओल झिरपत मुळांपर्यंत जाते. बुंध्याभोवती पाचटाचे आच्छादन द्यावे. मडकी भरण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पालकांशी व शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून लेखी ठरवावी. लहान मुलांना एकट्याने विहिरीवर पाठवू नये. वरचा वर्ग शाळा सोडताना नोंदवही खालच्या वर्गाच्या स्वाधीन करील, अशी प्रथा पाडावी.

जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा किती रोपे लावली याऐवजी किती जगली याची मोजणी आधी व्हावी. एखादे झाड वाळले असल्यास त्याचे कारण मुलांनी नोंदवहीत लिहावे. नव्या वर्षाचा पहिला धडा तोच ठरेल.