टॉन्सिल काढल्यानंतरचे दहा दिवस

लेकराचे टॉन्सिल काढायचे ठरले की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो, दुसरा ‘किती वेळ लागेल’ हा. दोन्ही रास्तच. पण नागपूरपासून लांबच्या आपल्या कटंगीतल्या आई-बाबांनी डॉक्टरांना आणखी एक विचारावं असं मला वाटतं: घरी आल्यावर आठव्या रात्री घशातून रक्त आलं तर आम्ही जायचं कुठे?

टॉन्सिल काढलेल्या जागेला सहसा टाके घालत नाहीत. जखम उघडी राहते आणि तिच्यावर पांढुरकी खपली धरते. हा पू नव्हे, घाबरू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास ती सुटू लागते, आणि घरी रक्त येण्याची भीती असते ती याच दिवसांत. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यातली नागपुरात राहणारी मुलं रिक्षाने हॉस्पिटलात पोचतात. आपल्याला मात्र तुमसर, भंडारा मागे टाकून जावं लागतं, आणि बालाघाट गाठायचं तरी मध्यरात्री गाडी कोण काढणार? म्हणून सुट्टीच्या कागदावरच लिहून घ्या की रात्री फोन कोणाला करायचा आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात असं रक्त थांबवता येतं. गाडीवाल्याशीही आधीच बोलून ठेवा.

झोपेत मूल सारखं गिळत असेल तर उठवून तोंडात बत्ती मारून बघा. रक्त बाहेर न येता पोटात जात असू शकतं. ताजं लाल रक्त दिसलं तर थोडं असो की थांबलेलं असो, दाखवायला न्यायचंच. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. मूल बसलं तर पुढे वाकवून बसवा, नाहीतर कुशीवर निजवा.

या दिवसांत कानही ठणकतो, कारण घशाची आणि कानाची काही वेदना एकाच नसेतून जाते. आजी लगेच लसूण घालून तेल गरम करायला घेते. तिच्या मायेला नाव ठेवत नाही, पण तेल नको. वेदनेचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, वेळेवर, मूल रडायची वाट न बघता द्या. ॲस्पिरिन मनाने देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. टॉन्सिल काढलेल्या काही मुलांचा श्वास त्याने मंदावतो. पाणी मात्र सारखं पाजत राहा. कोरड्या घशाला जास्त दुखतं.

आता ऑपरेशनच्या दिवसाचं. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी केली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबून मोठ्याने विचारायचं: रुग्ण कोण, ऑपरेशन कशाचं, कोणत्या बाजूचं, कापसाचे बोळे मोजले का. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. एवढ्या साध्या गोष्टीने! त्यामुळे कोणी तिसऱ्यांदा नाव विचारलं किंवा कानाच्या ऑपरेशनआधी ‘डावा कान ना?’ म्हटलं तर चिडू नका. नाही विचारलं, तर आपण विचारावं. डॉक्टरांचा त्यात अपमान नाही.

यात तुमच्याही वाट्याला काही गोष्टी येतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा; तोंड उघडं ठेवायला साधन लावतात, दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरात कोणाला जखमेनंतर फार वेळ रक्त वाहायची खोड असेल तर तेही सांगा. अन्न आणि गाईचं दूध साधारण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर ते पाळा. उपाशी लेकराची कीव येऊन मावशीने गुपचूप दिलेलं बिस्कीट भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. दिलंच असेल, तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढंच.

मुळात ऑपरेशन लागतं का, हेही विचारा. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा तापासकट घसा धरत असेल तर विचार होतो. झोपेत घोरता घोरता मुलाचा श्वास अडकत असेल तर ताप येवो न येवो, लवकर दाखवा. पण नुसते मोठे दिसतात म्हणून टॉन्सिल काढायची घाई नको.

कान वाहण्याचं मात्र उलट आहे. पावसाळ्यात तळ्यात डुंबून आलेल्या पोराचा कान वाहिला की आपण ‘वाढत्या वयात थांबेल’ म्हणतो. पडद्याला साधं भोक असेल तर कानामागच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन दुर्बिणीखाली तो सांधता येतो. पण घाण वास येणारा स्राव पुन्हा पुन्हा येत असेल तर आत हाड कुरतडलं जात असण्याची शंका असते, आणि चेहऱ्याची नस तिथूनच जाते. अशा कानाला सुट्टीची वाट पाहायला लावू नका.

टॉन्सिलचं ऑपरेशन मात्र सवडीने, घरात लग्नकार्य नसेल तेव्हा ठरवा. दहा-बारा दिवस मूल घरीच हवं, जिथून पक्का रस्ता आणि गाडी मिळेल तिथे. मामाने कितीही आग्रह केला तरी आडगावच्या वरातीला नाही.