घाम वाळू द्या : धावण्याचा उन्हाळी शर्ट निवडायची कृती

भोकरदनहून सिल्लोड, जाफराबाद किंवा राजूर, कोणत्याही रस्त्याला पहाटे निघा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रनिंग मारताना दिसतील. बुटांसाठी घरात पैसे मागितले जातात. शर्ट मात्र कपाटात जो वरच पडलेला असेल तो. वैशाखात हे कसंबसं खपतं, पण मृगाच्या आसपास हवा चिकट झाली की तोच शर्ट ओल्या पोत्यासारखा अंगाला बिलगतो.

आधी हिशेब समजून घ्या

शर्ट अंग गार करत नाही. वाळणारा घाम ते काम करतो. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण साठ किलोकॅलरी लागतात आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन अंगात साठतो. पाच किलोमीटरच्या धावेत ही उष्णता सव्वादोनशे किलोकॅलरीच्या पुढे जाते. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे एवढ्या धावेसाठी जवळपास 400 मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम या हिशेबात धरायचा नाही. तो वायाच गेला.

आपल्याकडे उन्हाळे दोन. मार्च ते मे हा कोरडा. पारा चाळिशीपार जातो, पण हवा तहानलेली असते, घाम झटक्यात उडतो. दुसरा चिकट : वळवाच्या आणि पहिल्या पावसानंतरचे दिवस, पावसाची उघडीप, आणि पाऊस लांबला की ऑक्टोबरच्या उन्हाची सुरुवात. तेव्हा पारा कमी असूनही धावणं जड जातं. 2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. ऊन नव्हतंच, तरी तापमान तिशीच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे होती. 68 जणींनी सुरुवात केली, 28 जणींना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. शर्ट निवडताना म्हणून उन्हाइतकंच दमटपणाकडे पाहायचं.

पायरी 1 : हवा ओळखा

मोबाइलवर तापमानाच्या शेजारी ‘दवबिंदू’ दिसत असेल तर तो पाहा. टक्केवारीतली आर्द्रता फसवी असते. पहाटे हवा गार असल्यामुळे ती नेहमीच जास्त दिसते. दवबिंदू 15 अंशांच्या खाली असेल तर हवा कोरडी समजा. 20 च्या वर चिकट. 24 च्या वर गेला तर शर्टाबरोबर वेगही उतरवा. तुम्ही बहुतेक कोणत्या हवेत धावता, हे ठरल्यावरच दुकानात जा.

पायरी 2 : आतली पट्टी वाचा

‘ड्राय-फिट’ हे मुळात नाइकी कंपनीचं व्यापारी नाव. आपल्या बाजारात कोणत्याही चकचकीत टी-शर्टाला तेच म्हणतात. छातीवरच्या अक्षरांवर विसंबू नका, मानेच्या किंवा कुशीच्या शिवणीतली पट्टी पाहा.

कपाशीच्या मुलखात कापसाला नावं ठेवणं जिवावर येतं, पण लांब धावेला सुती शर्ट गैरसोयीचाच. सामान्य हवेत कापसाचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा स्वतःत धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून सुती शर्ट घाम पिऊन जड होतो आणि उशिरा वाळतो. पॉलिस्टरमध्ये पाणी तंतूंच्या फटींतून पसरत बाहेरच्या बाजूला येतं आणि तिथून उडून जातं.

चिकट हवेसाठी शंभर टक्के पॉलिस्टर किंवा त्यात थोडं ताणणारं स्पॅन्डेक्स असलेलं कापड घ्या. अर्धं सूत, अर्धं पॉलिस्टर असलेला शर्ट तासाभराच्या धावेत सुती शर्टासारखाच वागतो. मेच्या कोरड्या सकाळी वीस-पंचवीस मिनिटांच्या हलक्या धावेला मात्र जुना, पातळ, सैल सुती शर्ट खुशाल चालतो. त्याचा ओलावा कोरड्या हवेत उडताना अंगाला गारवाही देतो.

पायरी 3 : वजन करा

कापडाचं वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. उन्हाळी धावेला 100 ते 130 जीएसएम चांगलं. नेहमीचे सुती टी-शर्ट बहुधा 180 च्या आसपास असतात. पट्टीवर आकडा नसेल तर किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर शर्ट ठेवा. मध्यम मापाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला एक चौरस मीटरच्या थोडं आत कापड लागतं, त्यामुळे शर्टाचे ग्रॅम आणि कापडाचा जीएसएम जवळजवळ जुळतात. काटा 120 च्या आत थांबला तर शर्ट हलका. 150 च्या पुढे गेला तर तो हिवाळ्याला राहू द्या.

पायरी 4 : उजेड, फुंकर, थेंब

दुकानदाराला विचारून तीन गोष्टी करा.

• कापड ट्यूबलाइटसमोर धरा. बारीक, सारखी छिद्रं दिसायला हवीत, निदान पाठीच्या आणि काखेच्या भागात.

• कापड तोंडाशी धरून फुंका आणि पलीकडे तळहात ठेवा. हवा सहज लागली पाहिजे.

• आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडा. तो काही सेकंदांत पसरला तर चांगलं. मण्यासारखा बसून राहिला तर कापड घाम अंगावरच ठेवणार. नव्या कापडावर कधीकधी कारखान्यातल्या रसायनाचा थर असतो, म्हणून एका धुण्यानंतर ही परीक्षा पुन्हा घ्या.

पायरी 5 : माप आणि बेत

अंग आणि कापड यांच्यात हवा खेळली तर घाम वाळतो. छातीच्या मापापेक्षा शर्टाचा घेर आठ-दहा सेंटिमीटर जास्त ठेवा. अंगाला घट्ट बसणारे कॉम्प्रेशन शर्ट पडद्यावर शोभतात, दमट हवेत नकोत. दोन्ही हात वर करा, पोट उघडं पडायला नको. हात धावताना हलवतो तसे हलवा, काखेत ओढ बसता कामा नये.

सूर्य उगवायच्या आत धाव संपणार असेल तर बाह्या नसलेला सँडो उत्तम. उन्हात धावायचं असेल तर पातळ, सैल अर्धी बाही बरी. ती खांदे भाजू देत नाही.

मुलींनी आणखी एक परीक्षा करावी : कापडाचा कोपरा ओला करून हातावर ठेवायचा. पातळ पांढरं पॉलिस्टर ओलं झालं की आरपार दिसतं. फिकट निळा, पिस्ता किंवा राखाडी रंग, किंवा बारीक नक्षी असेल तर ही अडचण टळते. आतली स्पोर्ट्स ब्राही लवकर वाळणाऱ्या कापडाची हवी. जाड पॅडची असेल तर बाहेरचा चांगला शर्टही निरुपयोगी ठरतो.

पायरी 6 : छपाई तपासा

अकॅडमीच्या टी-शर्टावर पाठभर नाव असतं. छपाईवर बोट फिरवा. रबरासारखी जाड लागली तर तेवढी पाठ बंद झाली. पाठीवरच तर घाम जास्त सुटतो. सबलिमेशन छपाईत रंग पॉलिस्टरच्या तंतूतच मुरतो, छिद्रं मोकळी राहतात. अकॅडमीची ऑर्डर द्यायची असेल तर हीच छपाई सांगा. जाड छपाईच हवी असेल तर ती छातीवर लहानशी असू द्या.

पायरी 7 : शिवण आणि रंग

शर्ट उलटा करा. काखेतली आणि खांद्यावरची शिवण चपटी हवी. उभी राहिलेली कडा ओल्या कातडीला घासून सोलते. मानेची टोचणारी पट्टी मजकूर वाचून झाल्यावर अगदी मुळाशी कापा. लांब धावेआधी काखेत आणि स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावावं, पुरुषांनीसुद्धा.

उन्हात फिकट रंग कमी तापतो. अंधारात तापण्याचा प्रश्न नसतो, दिसण्याचा असतो. गडद निळा किंवा काळा शर्ट ट्रॅक्टर-टेम्पोवाल्याला दिसत नाही. भडक पोपटी, नारिंगी रंग आणि पाठीवर चमकपट्टी असलेला शर्ट घ्या.

पायरी 8 : धावून पाहा

धावण्याआधी शर्ट तोला, तासाभराच्या धावेनंतर पुन्हा तोला. फरक हा शर्टात अडकलेला घाम. दोन शर्टांची तुलना एकाच आठवड्यात, एकाच वेळेला, एकाच रस्त्यावर करा. ज्यात कमी अडकला आणि जो दोरीवर आधी वाळला, त्याच जातीचा दुसरा घ्या. आलटूनपालटून दोन शर्ट पुरतात.

पायरी 9 : धुणं

पॉलिस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे घामाचा शर्ट गोळा करून ठेवला की कुबट वास बसतो. आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून काढा, मग उलटा करून थोड्या पावडरीने धुवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर टाळा. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि थेंब पसरायचा थांबतो. सावलीत वाळवा, गरम इस्त्री फिरवू नका.

भरतीच्या दिवशी

पोलीस भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं. काही मिनिटांच्या या धावेत शर्टाने वेळ कमी होत नाही. शर्टाचा उपयोग महिनोन्‌महिन्यांच्या सरावात आणि त्या दिवशी ग्राउंडवर तासन्‌तास बसण्यात. बसताना सैल सुती शर्ट घाला, नंबर लागायच्या थोडं आधी हलका शर्ट चढवा, धाव झाली की पुन्हा कोरडा सुती. नवा कोरा शर्ट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

शर्ट कुठे हरतो

दवबिंदू चढलेला असताना उत्तम शर्टातसुद्धा अंग तापतंच. चक्कर, मळमळ, उन्हात अंगावर काटा, बोलण्यात गोंधळ, यातलं काही जाणवलं तर धाव तिथेच थांबवा. सोबत्याने धावणाऱ्याला सावलीत न्यावं, शर्ट काढावा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालत राहावं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. 108 ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत पाणी-वारा चालूच ठेवावा.